वाघमोडे मॅडमची कातर

हल्ली आमच्याकडे शोधनिबंध लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळांचं पीक फार आलं आहे. जालना रोडवरच्या कुठल्या तरी हॉटेलात सकाळी नऊला नावनोंदणी असते. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, एक फाइल, एक पेन आणि पोहे मिळतात. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. त्यानंतर उरलेल्या वेळात कुणीतरी पडद्यावर गोल आणि बाण दाखवून उत्तम शोधनिबंध कसा लिहावा ते सांगतो. दुपारच्या जेवणात गुलाबजाम असतात. चार वाजता सगळ्यांना प्रमाणपत्र मिळतं आणि सगळे आपापल्या गावी जाऊन पूर्वीसारखंच लिहू लागतात.

मी या कार्यशाळांना जातो. नुसता जात नाही, तिथं बोलतो. पत्रिकेवर माझं नाव 'साधन व्यक्ती' म्हणून छापतात. आमचे मित्र डॉ. कुलथे या कार्यशाळा भरवतात आणि मला आग्रहानं बोलावतात. माझ्या भाषणाची सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं होते, 'अनादी काळापासून पाणी हेच मानवाचं जीवन आहे.' टाळ्या पडतात. हे वाक्य मला एका लिफाफ्यात मिळालं होतं. त्या लिफाफ्यावर 'भाषणासाठी' असं लिहिलेलं होतं, आणि ते लिहिणाऱ्या बाई समोर असत्या तर मला आणि श्रोत्यांना पोह्यांच्या बशांसकट बाहेर काढलं असतं.

त्या म्हणजे डॉ. कौसल्या वाघमोडे. आमच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायच्या. मी अधिव्याख्याता म्हणून लागलो तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि मॅडमचं टोपणनाव 'कातर' होतं. शहराचं नाव बदललं, मॅडमचं तेच राहिलं. बुटक्या होत्या, रंगानं काळ्यासावळ्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायच्या. खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून पाय हलवत राहायच्या. मुकुंदवाडीहून सिटी बसनं येत. वडील शेंद्र्याच्या पलीकडे मेंढरं राखायचे, आणि मॅडमनी एम.एस्सी.ला पहिला नंबर काढला तेव्हा त्यांनी लेकीला बक्षीस म्हणून आपली मेंढ्या कातरायची जुनी कातर दिली होती. एकच लोखंडी पट्टी वाकवून केलेली, मुठीत धरून दाबायची ती कातर. दुसरं द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, असं मॅडम सांगायच्या. ती कातर त्यांच्या टेबलावर, दगडांच्या नमुन्यांच्या शेजारी पडलेली असे.

त्या कातरीनं त्या आमचे शोधनिबंध कापत. लाल पेनानं खुणा करणारे पुष्कळ पाहिले. खूण केलेलं वाक्य माणूस पुन्हा शहाणपणा करून आत घालतो. मॅडम वाक्य कापूनच काढत. टाइप केलेले कागद पुढ्यात घेऊन खर्र खर्र पट्ट्या पाडायच्या, राहिलेल्या पट्ट्या कोऱ्या कागदावर डिंकानं चिकटवायच्या आणि तो कागद परत द्यायच्या. कापलेल्या पट्ट्या लिफाफ्यात घालून त्याही परत द्यायच्या. कुणाचं काही ठेवून घेत नसत.

माझा पहिला निबंध चौदा पानांचा होता. इंग्रजीत होता, तेव्हाही इंग्रजीतच लिहावं लागे, आणि त्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयातले सगळे मोठे शब्द वापरले होते. मॅडमनी पहिली ओळ वाचली आणि पाय हलवायचे थांबवले.

"अनादी काळापासून पाणी हे जीवन आहे. हे कुणाला माहीत नाय, जाधव? म्हशीला इचारा, म्हैस सांगंल."

"मॅडम, प्रस्तावना आहे ती."

"पुढं काय, 'लक्षणीय वाढ आढळून आली.' किती वाढ? हातभर का बोटभर? आन् कुणाला आढळली? तुम्हाला आढळली का वाटंनं जाणाऱ्याला?"

मी म्हणालो, "माझं इंग्रजी जरा कच्चं आहे, मॅडम."

"तुमचं इंग्रजी चांगलं आहे. सांगायला काही नाय म्हणून एवढं इंग्रजी लागतंय. मराठीत सांगा मला. काय केलं, काय दिसलं, किती दिसलं."

मी मराठीत सांगू लागलो आणि चार मिनिटांत संपलं. त्या चार मिनिटांचे अडीच कागद झाले. उरलेली साडेअकरा पानं लिफाफ्यात गेली, आणि लिफाफ्यावर मॅडमनी 'भाषणासाठी' असं लिहिलं. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. माझे वडील गावचे पोलिस पाटील, घरी पन्नास एकर जमीन, आणि ही धनगराची बाई माझे कागद कातरत होती, असं मला त्या वेळी मनातून वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

त्यांना ते दिसलं असावं. म्हणाल्या, "मेंढी कातरली की बारीक दिसती. जीव कासावीस करायचा नाय. मेंढी तेवढीच असती, लोकर गेलेली असती."

अडीच पानांचा तो निबंध पहिल्याच फेरीत स्वीकारला गेला. त्यानंतर माझे चाळीस-पंचेचाळीस निबंध छापून आले, पण अजून कुणी वाचतं तो तेवढा एकच.

मॅडमची दुसरी रीत कातरीपेक्षा वाईट होती. प्रयोगशाळेत नूरभाई नावाचे परिचर होते. हडकुळे, बारा महिने खांद्यावर टॉवेल, बोलायला गरीब. विभागातली मोजमापं सगळी तेच करायचे. तलावाचं पाणी आणायचं तर नूरभाई, विहिरीत दोरी सोडायची तर नूरभाई, भट्टीत माती तापवून तोलायची तर नूरभाई. आमच्या निबंधांत 'आम्ही नमुने गोळा केले' असं जिथं जिथं छापून आलं आहे, तिथं 'आम्ही' म्हणजे नूरभाई समजावेत. आम्ही त्या वेळी स्टाफरूममध्ये भज्यांची वाट बघत असायचो.

मॅडमचा नियम असा की निबंधातला 'पद्धती' हा भाग नूरभाईंना वाचून दाखवायचा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मॅडम स्वतः तो दखनीत सांगायच्या आणि एकेका वाक्याला विचारायच्या, "ऐसाच किये थे क्या?" नूरभाई 'हौ' म्हणाले तर वाक्य राहायचं. 'नै' म्हणाले तर कातर. लिहिणाऱ्यानं शेजारी उभं राहून हे ऐकायचं. एम.एस्सी., नेट-सेट झालेल्या माणसांनी सातवी नापास माणसाच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. स्टाफरूममध्ये या प्रकाराला 'नूरभाईंचं कोर्ट' म्हणत, आणि त्या कोर्टापुढे जायला नको म्हणून अर्धा विभाग मॅडमना आपले कागद दाखवेनासा झाला होता.

कुलथ्यांनीही दाखवले नव्हते. ते आमच्याच विभागातले. शहराजवळच्या एका तलावातल्या गाळावर त्यांनी पीएच.डी. केली. प्रबंध देण्याआधी कॉलेजात सगळ्यांसमोर तो मांडायचा असतो. प्राचार्यसाहेब अध्यक्ष, पुढच्या रांगेत शाली-श्रीफळं तयार. मॅडमनी प्रबंध आदल्या दिवशी ग्रंथालयात बसून वाचला होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्या उठल्या आणि मागं चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नूरभाईंना म्हणाल्या, "नूरभाई, इधर आव. गाळ के नमुने आप लाए थे ना? इसमें लिखा है, ओहोटी के वक्त लिये. ऐसाच किये थे क्या?"

नूरभाईंनी ट्रे खाली ठेवला. "मॅडम, ये ओहोटी क्या होता?"

"दर्या का पानी उतरता, उसकू बोलते."

नूरभाईंनी खरोखर विचार केला. कुलथ्यांना अडचणीत आणावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणाले, "दर्या किधर है, मॅडम? हम तो रिक्षा से गये थे."

कोकणातल्या कुणाच्या तरी प्रबंधातून कुलथ्यांनी तो भाग उचलला होता आणि खाडीच्या जागी तलाव घालून बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. मराठवाड्यात समुद्र आणणारा पहिला माणूस म्हणून त्यांचा सत्कार व्हायला हवा होता. झालाही, पण वेगळ्या कारणासाठी. प्राचार्यसाहेब पोट धरून हसले, 'टायपिस्टची चूक' असं म्हणाले, आणि शाल पांघरली. मॅडम जाता जाता मला म्हणाल्या, "कातरायला बसले होते काल मनातल्या मनात. कातरत गेले, कातरत गेले. आत मेंढीच नव्हती."

कुलथे डॉक्टर झाले. पुढं त्यांनीच उत्तम प्रबंधलेखनावर कार्यशाळा सुरू केल्या, हे वर आलंच आहे.

प्राचार्यसाहेबांचं आणि मॅडमचं पटणं शक्य नव्हतं. विभागातून जो निबंध बाहेर जाईल त्यावर प्राचार्यांचं नाव असावं, अशी कॉलेजची रीत होती. ते विषयानं इतिहासाचे. तरी दगड, माती, शेवाळ, मधमाशी, सगळ्यांवर त्यांचं नाव होतं. मॅडम म्हणाल्या, "घालते की सर. पण कुणी काय केलं ते नावापुढं लिहायची माझी सवय आहे." आणि त्यांनी लिहून पाठवलं: वाघमोडे: खडकांचा अभ्यास आणि लेखन; नूर: नमुने आणि मोजमाप; प्राचार्य: जावक अर्जावर सही. पुढं चार वर्षं मॅडमना परिषदेला जायला रजा मिळाली नाही. आम्ही बाकीचे मात्र प्राचार्यांचं नाव घालत राहिलो आणि परिषदांना जात राहिलो. मी त्या चार वर्षांत गोवा दोनदा पाहिलं.

आता मॅडमच्या स्वतःच्या पेपरबद्दल सांगतो. त्यावरच त्यांचं सगळं नाव उभं होतं.

अगदी तरुण असताना, मी कॉलेजात यायच्या आधी, त्यांनी दौलताबादच्या आसपासच्या बारा विहिरींची पातळी वर्षभर, पावसाळा संपेपर्यंत, मोजली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काठावरून दोरी सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते बघायचं. पावसाळ्यात अकरा विहिरी भराभर चढल्या. नववी विहीर मात्र हळूहळू, दर महिन्याला सारखीच, हातभर हातभर चढत राहिली. यावरून मॅडमनी निष्कर्ष काढला की नवव्या विहिरीत पाणी पावसाचं थेट येत नाही. किल्ल्याच्या काळातला एखादा जमिनीखालचा जुना पाट तिच्यात झिरपत असावा. कल्पना सुंदर होती. पेपर परदेशात छापून आला. पाहुणे आले की प्राचार्यसुद्धा 'आमच्या वाघमोडे बाई' म्हणून नववी विहीर दाखवायला गाडी काढायचे.

वीस-बावीस वर्षांनी मॅडमनी ठरवलं की त्याच बारा विहिरी पुन्हा मोजायच्या आणि तेव्हाची-आताची तुलना लिहायची. मला बरोबर घेतलं. त्याच सुमारास कॉलेजात प्राध्यापकाचं एकच पद निघालं होतं. अर्ज दोन, मॅडमचा आणि कुलथ्यांचा. मॅडमना निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्यांना ते पद हवं होतं. असल्या गोष्टींचं आपल्याला काही नाही, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आबांना पाटी दाखवायची आहे दारावरची, असं एकदा बसमध्ये वडिलांबद्दल म्हणाल्या होत्या.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघं दर महिन्याला गेलो. नववी विहीर बाकीच्या अकरांसारखीच भराभर भरली. ऑगस्टच्या मोजणीला पाणी काठापासून दोन हातांवर होतं. मॅडमनी दोरीवरची ओली खूण बोटानं तपासली. पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. आकडा तोच.

मी परतीच्या वाटेवर तोडगा काढला. "मॅडम, असं लिहू. 'गेल्या दोन दशकांतील बदलत्या भूजल-परिस्थितीमुळे प्राचीन पाटाचा प्रभाव क्षीण झालेला असावा.' एकदम चपखल बसतं. उलट नवीन निष्कर्ष निघतो."

"छान वाक्य आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आता लई छान यायला लागलंय." मुकुंदवाडीला उतरताना म्हणाल्या, "उद्या नूरभाईकडं जायचं."

नूरभाई आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते. शहागंजच्या मागल्या गल्लीत राहायचे. आम्ही गेलो तेव्हा ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मॅडम त्यांच्या शेजारी ओट्यावरच बसल्या, पिशवीतून बावीस वर्षांपूर्वीचा पेपर काढला आणि कोर्ट सुरू झालं. यात आरोपी कोण हे मला अजून कळलं नव्हतं.

"नूरभाई, सुनो. 'दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लेखिकेने स्वतः बाराही विहिरींची पातळी मोजली.' ऐसाच किये थे क्या?"

नूरभाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "नै मॅडम. आपकू टायफाइड हुआ था ना. बारिश के चार महीने मैं अकेला जाता था."

"व्हय. वो मेरेकू मालूम है. स्वतः लिखी, वो मेरा झूठ. आगे बोलो. बारा के बारा नापे?"

"ग्यारा बरोबर नापा, अल्ला कसम." मग हळूच म्हणाले, "नौवी पे कुत्ता था."

"कौनसा कुत्ता?"

"काला. उस खेतवाले का. आप साथ में रहे तो दुम हिलाता था. मैं अकेला गया तो सायकल पे चढके आता था."

मॅडमना तो कुत्रा आठवतच नव्हता. मेंढरांच्या कुत्र्यांत वाढलेल्या बाईला शेतातला एक कुत्रा काय आठवणार. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग चार महिन्यांचे आकडे?"

"पिछले महीने से एक-एक हाथ ऊपर लिख दिया. बारिश में पानी चढताच है. जादा नै लिखा, मॅडम. संभाल के लिखा."

परदेशी मासिकात छापून आलेला किल्ल्याच्या काळातला तो पाट असा नूरभाईंच्या सायकलपाशी येऊन संपला. त्यांनी सांभाळून, कुणाला खटकू नये म्हणून, दर महिन्याला एकच हात वाढवला होता. मॅडमनी त्या एकेका हातात इतिहास वाचला होता. मला हसू आलं, आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून ते गेलं.

"इतने साल बोले कायकू नै?" मॅडमनी विचारलं.

"आप पूछे नै," नूरभाई म्हणाले. "आप सबके कागद मेरे सामने पढे. ये एकच नै पढे. मैं रास्ता देखता था."

मॅडमनी लसणाचं सूप पुढ्यात ओढून घेतलं आणि दोघंही सोलत बसले. मी उभाच होतो.

निवड समितीची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती. मी मॅडमना दुसऱ्या दिवशी परोपरीनं सांगितलं. पेपर मागं घ्यायचं पत्र पाठवायचंच असेल तर पाठवा, पण पंधरा दिवसांनी. बावीस वर्षं चूक छापलेली आहे, आणखी पंधरा दिवसांनी काय बिघडतं? माझं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. अजूनही माझी बाजू मांडायला गेलो तर ती चुकीची आहे असं सिद्ध करता येणार नाही, आणि तिची मला अजूनही शिसारी येते.

मॅडम म्हणाल्या, "मुलाखतीत इचारतील, तुमचं मोठं काम कोणतं. तेव्हा काय सांगू?"

त्यांनी पत्र लिहिलं. मी पानभराचा मसुदा करून नेला होता. त्यात त्यांचं आजारपण होतं, त्या काळातली साधनांची कमतरता होती, विज्ञान चुकांतूनच पुढं जातं असंही होतं. मॅडमनी कातर घेतली. आजारपणाच्या ओळीवर मी हात ठेवला.

"हे तरी राहू द्या. हे खरं आहे."

"खरं आहे. पण विहिरीला काय घेणं माझ्या टायफॉइडचं?" आणि ती पट्टी गेली.

शेवटी पाच ओळी उरल्या. नवव्या विहिरीच्या चार महिन्यांच्या नोंदी प्रत्यक्ष घेतलेल्या नाहीत. छापलेले आकडे अंदाजाचे आहेत. त्या महिन्यांत मी स्वतः मोजमाप केलं हे विधान खोटं आहे आणि ते माझं आहे. पाटाबद्दलचा निष्कर्ष टिकत नाही. पेपर मागं घ्यावा.

ते पत्र घेऊन त्या पुन्हा शहागंजला गेल्या. मी बरोबर होतो. त्यांनी एकेक ओळ वाचून विचारलं, "ऐसाच हुआ था क्या?" नूरभाई प्रत्येक ओळीला 'हौ' म्हणाले. मग भीत भीत म्हणाले, "मेरा नाम?"

"नाय."

"कुत्ते का?"

"नाय. कुत्र्याचा काही दोष नाय." आणि मॅडमनी तिथल्या तिथं सही केली.

कुत्र्याचं पत्रात नव्हतं, पण ते सगळ्या कॉलेजला आठवड्यात कळलं. कसं कळलं ते सांगतो. मी सांगितलं. स्टाफरूममध्ये एकाला सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून सांगितलं, आणि सांगताना नूरभाईंची नक्कलही केली. किस्साच तसा होता. कुलथ्यांनी त्याचं नाव 'श्वान-सिद्धांत' ठेवलं. कातर शेवटी स्वतःलाच लागली, असं लोक म्हणू लागले. ज्यांचे लिफाफे घरी पडून होते ते सगळे फार खूश झाले. मॅडमनी मला बोलावलं तेव्हा मी खुलासा तयार करून गेलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "जाधव, कुत्रा होता. सांगितलंत ते खरंच सांगितलंत." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलाखतीला मी फायली घेऊन आत उभा होतो. बाहेरगावाहून आलेल्या एका सदस्यांनी विचारलं, "तो दौलताबादचा पेपर तुम्ही मागं घेतलात ना?"

"व्हय."

"मग आता तुमचं महत्त्वाचं काम कोणतं म्हणायचं?"

"तेच," मॅडम म्हणाल्या. "मागं घेतलेलं."

सदस्य एकमेकांकडे बघून हसले. प्राचार्यसाहेबांनी घड्याळ पाहिलं. नंतर कुलथे आत आले. त्यांच्या निबंधांची यादी हातगाड्यावर घालून आणावी एवढी होती आणि त्यातल्या दर दुसऱ्यावर प्राचार्यांचं नाव होतं. ते प्राध्यापक झाले. त्यांच्या दारावर पितळी पाटी लागली. मॅडमच्या आबांनी ती पाहिली नाही, पाहायचं कारणही नव्हतं.

मॅडम तीन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला आल्या नाहीत. दगडांचे नमुने विभागाला ठेवले आणि कातर घेऊन गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही चालत्या गाडीतून.

कुलथ्यांनी वेरूळच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. 'शोधनिबंध लेखन कौशल्य : नवे आयाम.' आयाम म्हणजे काय ते मी विचारलं नाही. सकाळी कॉलेजच्या गाडीतून आम्ही निघालो होतो. पुढं ड्रायव्हरशेजारी कुलथे, मागं मी आणि प्रमाणपत्रांचा खोका. दौलताबाद मागं पडता पडता डाव्या हाताला नववी विहीर दिसते. विहिरीच्या काठावर एक बुटकी बाई वाकून उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट. दोरी वर ओढत होत्या, ओल्या गाठीपाशी बोट धरून. शेजारी दगडावर वही उघडी होती आणि वाऱ्यानं पान उडू नये म्हणून वहीवर ती कातर ठेवलेली होती.

कुलथेही बघत होते. म्हणाले, "अजून मोजतायत? ते चार महिने काय आता परत येणार आहेत?"

नंतर माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी महिन्याचा पहिला सोमवार होता.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा इथं पुढचा परिच्छेद फार चांगला जमला होता. मी गाडी थांबवायला सांगतो, शेतातून धावत जातो, मॅडम वळून बघतात, 'या जाधव' म्हणतात, आणि मी वही हातात घेतो. दोनदा वाचला, आवडला. मग आठवलं की गाडीत ड्रायव्हर होता. त्याचं नाव बाबुराव. तो अजून कॉलेजातच आहे. त्याला हे वाचून दाखवून 'असंच झालं होतं का?' म्हणून विचारलं, तर तो डोकं खाजवेल आणि सांगेल, "नाय सर. तुम्ही उतरला नव्हता."